खाटेची तिरकी गाठ

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांनी विणलेल्या खाटेची झिजलेली सुतळी मुलाने आज काढून टाकली. त्याआधी मी मोबाइलवर विणीचा फोटो घेतला होता. दुपारी मोबाइलवरच त्याचं चित्र करत बसले. रंग बदलले, आरशात दिसावं तसं चारी बाजूंनी उलटवलं, आणि मूळ फोटोच दिसेना. आता ती वीण कुठून आणणार?

सून हसली. "आई, जुना फोटो तठेच शे. कोठे जाई तो?"

होता. पायाकडची तिरकी गाठही होती. हे होते तेव्हा, ती सोडून नीट बांधा म्हणून मी त्यांच्या किती मागे लागले होते. चित्रात खाट ओळखू येत नाही, पण ती गाठ चारदा उमटली आहे.

"पुसी टाकू का ती?" सुनेने विचारलं.

नको म्हटलं. राहू दे.