नंतर आलेल्याची जागा

प्रिय इर्या,

पाकीट एवढं जाड कसं, असं तुला वाटलं असेल. आत आणखी एक पत्र आहे. ते आधी वाचू नकोस. माझं ऐकायची तुला सवय नाही हे ठाऊक आहे मला, पण एवढं एकदा ऐक.

एप्रिलमध्ये आपल्या ओत्सोला मातीत पोचवून आपण चर्चच्या दालनात आलो आणि मी तुझ्या कपात कॉफी ओतत होतो, तेव्हा तू विचारलंस, "तो का उठला, ताउनो?" मी म्हणालो, "माहीत नाही." तू साखर घेतलीस, जी तू कधी घेत नाहीस, आणि संध्याकाळच्या गाडीनं ओउलूला निघून गेलीस. त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला आज बसलोय. पण मला थेट तिथे जाता येत नाही. आधी इकडचं सांगतो. तुला कंटाळा येईल, पण इकडचं ऐकून कंटाळायची तुला सवय आहे.

यंदा झाडांनी रंग लवकर बदलला. गेल्या मंगळवारी पहिली कडक थंडी पडली आणि दोन दिवसांत डोंगरउतारावरचे बुटके बर्च पिवळे झाले, खालचं बेरीचं रान लालभडक. शहरातून माणसं येताहेत, वाहनतळ भरून वाहतोय, हिल्का माहितीकेंद्रात दिवसभर तोच नकाशा तोच कोपरा दाखवत बसते. दलदलीवरच्या फळ्यांची वाट मी यंदा चार किलोमीटर नवी घातली. हिल्लाची पिवळी बेरी चांगली पिकली होती, पण मी एकही वेचली नाही. अस्वलानं खाल्ली असेल. एक मादी आहे, दोन पिल्लांची, जुलैपासून ओढ्यापलीकडे दिसते. गरुडाच्या घरट्यात एकच पिल्लू होतं, ते उडालं. तळ्यावर हंस जमायला लागलेत, सकाळी मोजले तर एकोणचाळीस. हे सगळं मी वहीत लिहितो, उद्यानाच्या कार्यालयात देतो, ते खूश होतात. म्हणतात, ताउनोच्या नोंदी कधी चुकत नाहीत.

मला काही वाटत नाही, इर्या. हे तुला लिहायलाच हवं, कारण तू तिकडे रडत असशील आणि मी इकडे फळ्या ठोकतोय म्हणून तुला राग येत असेल. मी रडलेलो नाही. सौनात बसतो, पाणी ओततो, वाफ येते, घाम येतो, बस्स. गावच्या डॉक्टरीणबाईंनी झोप येते का विचारलं. येते. भूक लागते का? लागते. त्यांना पुढे काय विचारावं कळेना. गारठलेलं बोट दुखत नाही हे तुला माहीत आहे, ते उबेला नेलं की मग दुखतं. मी अजून उबेला गेलेलो नाही, एवढंच. जायला नको वाटतं.

आस्लाक परवा येऊन गेला. रेनडिअरचे कळप एकत्र करायचे दिवस आलेत, त्याला उसंत नाही, तरी तास-दीड तास बसला. मी कॉफीत चीज घालून दिलं, त्यानं तीन कप घेतले आणि माझ्या कॉफीला पुन्हा एकदा नावं ठेवली. तुला माहीतच आहे, ओत्सो त्यालाच सापडला होता. तो त्याविषयी कधी बोलत नाही. या वेळी दारात बूट घालताना बोलला, पाठ माझ्याकडे ठेवून. म्हणाला, "पोरानं सगळं बरोबर केलं होतं. स्की बर्फात उभ्या रोवल्या होत्या, लांबून दिसाव्यात म्हणून. वाऱ्याला पाठ करून बसला होता. वाटेच्या खांबापासून चारशे पावलं लांब, तेवढंच काय ते चुकलं." मी म्हटलं, हो, स्की रोवायच्या हे मीच शिकवलं होतं. तो म्हणाला, ठाऊक आहे. मग गेला.

मी ओत्सोला बरंच शिकवलं. ते जर्मन जोडपं तुला आठवत असणारच, तू ते विसरू दिलं नाहीसच मला. ओत्सो आठ वर्षांचा होता. आपण सुओलामपीच्या खोपेत दुपारपासून होतो, चूल पेटलेली, मोजे दोरीवर, तू सूप ढवळत होतीस. चौघांनी झोपायचा बाक, आपण तिघं, आणि आपल्यामागून आलेला एक म्हातारा. तेवढ्यात ते दोघं आले, भिजलेले. आणि मी उठलो. म्हटलं, चला, सामान आवरा. आपण खाल्लंय, शेकलोय, आता पुढची खोप नऊ किलोमीटरवर आहे. नंतर येईल त्याची जागा, आधी आला त्यानं उठायचं, हाच इथला नियम. कुलूप नसलेली घरं याच नियमावर उभी आहेत. जर्मन बिचारे हात हलवून नको नको म्हणत होते. म्हातारा म्हणाला, अरे सरकू की सगळे. मी ऐकलं नाही. वरच्या खोपेत पोचल्यावर पोराचे बूट काढताना तू म्हणालीस, "तुझा नियम तुझ्या पायांनी चालव. पोराच्या पायांनी नको." ओत्सो मात्र खुशीत होता. गालांची सफरचंदं झाली होती. शाळेत त्यानं त्यावर निबंध लिहिला, बाईंनी शेरा दिला, आणि मी तो निबंध कार्यालयात भिंतीला लावला. तीन वर्षांनी तू ओउलूला गेलीस. त्या एका संध्याकाळमुळे गेलीस असं मी म्हणत नाही. पण ती त्यात होती.

जूनमध्ये मी सुओलामपीचा बाक उखडला आणि नवा बसवला. परवानगी घेतली नाही. आता सातजण झोपतील, आणि जमिनीवर आणखी चार. कार्यालयातून विचारणा झाली, की ताउनो, एवढा रुंद कशाला, चूल अडचणीत आली. मी म्हटलं, माझं माप चुकलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. दाराच्या आतल्या बाजूला एक फळी ठोकली आणि तापलेल्या सळईनं त्यावर लिहिलं: जागा नसेल तर सरका, हवा बिघडली असेल तर कुणीही बाहेर पडायचं नाही. अक्षर वाकडं आलंय. तिथे काम करत असताना कुक्केली आला होता, तोच धीट राखाडी पक्षी, शेपटीला गंज चढल्यासारखा. हातावरची पावाची चुरी घेऊन गेला. ओत्सोच्या हातून घ्यायचा तोच असेल असं मला वाटत नाही, ते सगळे सारखेच दिसतात.

आता ते दुसरं पत्र. ते रिस्तो नावाच्या शाळामास्तरांचं आहे, ताम्पेरेचे. त्या दिवशी खोपेत उशिरा पोचलेले दोघं म्हणजे तेच आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. वाटेत मुलीच्या स्कीचा बूट अडकवायचा बांध तुटला होता. पाकिटावर 'ओत्सोच्या आईवडिलांस' असं आहे, म्हणजे ते तुझंही आहे, आणि मी ते अकरा दिवस खणात ठेवलं. त्याबद्दल माफ कर. त्यात ते लिहितात, की कुओपिओचे दोन म्हातारे आणि ओत्सो आत होते, ओत्सो वोल्व्हरिन या हिंस्र जनावराच्या मागावर नोंदी करत आदल्या दिवसापासून तिथे होता. हे दोघं आत आल्याबरोबर तो उठला. सगळे म्हणाले, राहा, सरकू. तो हसला आणि म्हणाला, "राहिलो तर बाबा मला घरात घ्यायचे नाहीत." जाताना त्यानं मुलीचा बांध तारेनं दुरुस्त करून दिला आणि सकाळसाठी सरपण फोडून चुलीशी रचून ठेवलं. तेव्हा हवा स्वच्छ होती. अर्ध्या तासानं हिमवादळात डोंगर दिसेनासा झाला.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती तू वाचशील तेव्हा तुला काही कळणार नाही, म्हणून मी आधीच सांगतोय. रिस्तो लिहितात, की दुपारी अडीचला त्यांनी डोंगरमाथ्यावरून उद्यानाच्या कार्यालयात फोन केला होता, की मुलगी थकलीय, परत फिरू की सुओलामपी गाठू, आणि तिथे जागा नसली तर काय? फोनवरच्या गृहस्थांनी फार आपुलकीनं सांगितलं, खुशाल जा, जागा होते, आधी आलेला उठतो. त्या गृहस्थांना यातलं काही कळवू नका, अशी त्यांची विनंती आहे. त्यांना उगाच लागून राहील, असं ते म्हणतात. हिल्का त्या दिवशी रजेवर होती, इर्या. फोनपाशी मी होतो. मी सकाळचाच हवामानाचा अंदाज धरून बोललो. त्यानंतर तीनला नवा आला, तो मी पाहिला नाही, कॉफी पीत होतो. आणि ओत्सो तिथे आहे हे मला ठाऊक होतं. खोप भरली तर उठायची पाळी त्याचीच, हेही ठाऊक होतं. फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, दक्षिणेकडच्या त्या माणसांना दिसेल आता, माझा मुलगा कसा आहे ते. तो का उठला, हे तू विचारलंस आणि मी माहीत नाही म्हणालो. मला माहीत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू काही उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल, पण रिस्तोंना तू लिही. मुलीला सांगा म्हणावं, तिचा काही दोष नाही.

तसं म्हणायचा हक्क आता राहिलेला नाही, तरी
तुझाच,
ताउनो