तापवणं म्हणजे शिजवणं नव्हे

८ जून, रविवार

आज घरमालकांशी खोटं बोलले. बँकेतल्या सगळ्या नोकरीत कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते चिकन विंग्जसाठी. उमाकांतपुढे कबूल केलं तर नवरा म्हणून तो वर्षभर चिडवण्याचा हक्क बजावील. म्हणून इथे लिहिते.

चेन्नईत अड्यारमधलं हे वरचं घर भाड्याने देताना गिरीधररावांनी एकच अट घातली — मांसमच्छी शिजवायची नाही. ते खाली एकटे राहतात. तंजावरकडचे मराठी, जुन्या वळणाचे, पंचाहत्तरी उलटलेले. अट आम्ही मान्य केली आणि पाळली. शनिवारी नुंगंबाक्कमला जाऊन बाहेर खाऊन येतो. पण उमाकांत तिथे हटकून जास्तीचे विंग्ज मागवतो आणि उरलेले बांधून घेतो. उरतात कसले, उरवतो. मग रविवारी फ्रिजपुढे उभा राहून म्हणतो, "शिजवायचं नाही म्हणाले ना? तापवायचं नाही असं कुठे म्हणाले?"

मी रसायनशास्त्राची पदवीधर. नीट विचार केला. शिजलेलं पुन्हा शिजत नाही, फक्त गरम होतं. मुद्दा बरोबर आहे. उमाकांतचा मुद्दा बरोबर निघणं हे आमच्या संसारात क्वचितच, म्हणून मान देऊन टाकला.

पण वास तो वासच. म्हणून तापवताना मी सांब्राणीचा, म्हणजे इथल्या धुपाचा, धूर करते. आज जिन्यात गिरीधररावांनी विचारलं, "बाई, दर आदित्यवारीं धूप? सूर्याचें कांहीं व्रत धरलेंत काय?"

"हो," म्हणाले.

व्रत!

९ जून, सोमवार

गिरीधररावांनी उमाकांतला गाठून सांगितलंच — "तुमच्या मंडळींची भक्ति पाहून संतोष वाटला." तो दिवसभर मला सूर्योपासक म्हणून हाका मारत होता. संध्याकाळी चहा दिला नाही. तेव्हा थांबला.

१४ जून, शनिवार

नुंगंबाक्कम. विंग्ज उरवले. उद्या मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही, असं उमाकांतला बजावलं. मागे त्याने तापवले होते ते चपलेच्या तळव्यासारखे झाले, आणि वर म्हणाला, "चावायला व्यायाम." विंग्ज आधी फ्रिजबाहेर काढून ठेवावेत, पाणी टिपावं, मंद आचेवर झाकण ठेवून आतून गरम होऊ द्यावेत, मग झाकण काढून आच वाढवावी. कातडी कुरकुरीत होते. एवढं सांगायला पदवी लागत नाही, पण धीर लागतो. तो त्याच्याकडे नाही.

१५ जून, रविवार

आजचं लगेच लिहून टाकते.

संध्याकाळी विंग्ज तव्यावर ठेवले. सांब्राणी अजून पेटवायची होती. झाकण काढून उलटायला घेतले आणि गॅसचा वास आला. आमचं बटण पाहिलं — ठीक. तरी बंद केलं. वास येतच राहिला, खिडकीतून, खालून.

हातात चिमटा तसाच घेऊन जिना उतरले. दार उघडं होतं. गिरीधरराव देवापुढे उभे. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"काडी ओढू नका."

बँकेत कॅशियरवर चालायचा तो आवाज. ते जागच्या जागी थिजले. आत दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण उघडंच. ते बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं.

"एवढा वास सुटला होता. कळलं नाही तुम्हाला?"

त्यांनी काडी पेटीत परत घातली. मग हळूच — "त्या साथींत ज्वर आला, तेव्हांपासून मला वास येत नाही, बाई. कशाचाच येत नाही."

"मग माझा धूप?"

"तो दिसतो की. खिडकींतून धूर निघतो."

म्हणजे इतके रविवार मी डोळे चोळत धूर केला तो नाक गेलेल्या माणसासाठी. हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या चिमट्यावर गेली. चिमट्यात एक तुकडा तसाच अडकलेला.

"हें काय?"

"कोंबडीचा पंख. काल हॉटेलातून आणलेला. शिजवला नाही. तापवत होते."

त्यांनी डोळे मिटले. उघडले. म्हणाले, "तुमचें मी बोलत नाही. माझें तुम्ही भव्याला बोलूं नका. तिला कळलें तर मला बेंगळुरूला नेईल. ह्या घराबाहेर मी जगायचा नाही."

भव्या ही त्यांची एकुलती मुलगी. आणि मी मान हलवली. होकारार्थी की कशी, मलाच आठवत नाही.

१६ जून, सोमवार

उमाकांतला हा सौदा पसंत आहे. "आता उघड तापव. धूपही वाचला."

मी म्हटलं, "आणि आपण शनिवारी विंग्ज चघळत बसलेलो असताना त्यांनी काडी ओढली तर?"

"मुद्दा बरोबर आहे," म्हणाला. वाद जिंकला तर बरं वाटतं एरवी. आज वाटलं नाही.

१७ जून, मंगळवार

भव्याला फोन केला. दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांचं उघड करायचं आणि आपलं झाकायचं, हे मला जमण्यासारखं नाही. ती थोडं मराठी, थोडं तमिळ आणि बाकी इंग्रजी बोलते. दोन्ही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आंटी, गॅसचं मी बघते. चिकनचं तुम्ही अप्पांशी बघा. तिथे आय कान्ट हेल्प."

१८ जून, बुधवार

गिरीधरराव जिन्याखाली भेटले. भव्याचा फोन येऊन गेला असणार. मी जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीला माझ्यापेक्षा जास्त मान.

उमाकांत म्हणाला, "सामानाची खोकी आणून ठेवू का?" थट्टेत म्हणाला, पण नंतर माळ्याकडे बघत बसला.

२१ जून, शनिवार

भव्या आली. दुपारभर खालून आवाज. दोघांचेही, थोडं तमिळ, थोडं मराठी. "चला," ती. "इल्लै, नाही," ते. मधे भांडं आपटल्याचा आवाज, कोणी आपटलं ते कळलं नाही.

संध्याकाळी ती वर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "गॅस काढून टाकला तर मी त्यांना इथे राहू देईन. पण मग जेवणार काय? मेसचा डबा मागवला, तर कांदा आहे म्हणून परत पाठवला. परक्या घरचं पाणी पीत नाहीत अप्पा."

"माझ्या हातचं चालेल का, विचार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आंटी, तुमच्या हातचं? आता?"

"कांद्याशिवाय करते. तुझं काम विचारायचं."

तरी सोमवारची बेंगळुरूची बाप-लेकीची तिकिटं काढून ठेवली आहेत तिने.

आज बाहेर गेलो नाही. उमाकांत म्हणाला, "भूक नाही." हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

२२ जून, रविवार

खालून पेट्या ओढल्याचे आवाज. मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नाही. विचारायला परत जाणार नाही. तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले.

२३ जून, सोमवार

गाडी सकाळचीच होती. ती गेली. भव्या एकटीच गेली त्या गाडीने.

नोंद, नंतर वाद नकोत म्हणून.

खालून वर आलं — सिलिंडर आणि रेग्युलेटर, उमाकांतने धापा टाकत आणले. खालच्या दाराची दुसरी किल्ली. गिरीधररावांच्या आईचा बिडाचा तवा, त्यांनी स्वतः जिना चढून माझ्या हातात दिला. "हा निराळा ठेवा. एवढेंच."

वरून खाली गेलं — दुपारचा डबा. पोळ्या, दुधीची भाजी, ताकभात.

डबा रिकामा परत आला. धुतलेला.