बंदरावरच्या बागेचा नववा रकाना

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी मॅडम,
ग्रामपंचायत कार्यालय, माडवेळ,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

अर्जदार: सुदेश वामन तारी, वय २४, रा. बंदरवाडी, माडवेळ (उद्यान सर्वेक्षणासाठी आपणच नेमलेला सर्वेक्षक).

विषय: बंदरावरच्या बागेच्या सर्वेक्षणात रकाना क्र. ९ माझ्याकडून चुकीचा भरला गेल्याबाबत, आणि बाग पार्किंगला देण्याचा ठराव त्या रकान्यावर न घेण्याबाबत.

संदर्भ: १) उद्यान उपयोगिता सर्वेक्षण, प्रपत्र ‘ब’. २) दि. १८ फेब्रुवारीला फलकावर लावलेला अहवाल. ३) शुक्रवारी कार्यालयात मला तोंडी मिळालेली समज.

महोदया,

१. हा अर्ज मी जवळजवळ लिहिणारच नव्हतो. दोनदा अर्धा टाईप करून पुसला. लिहिलं तर माझं नुकसान आहे, नाही लिहिलं तर दुसऱ्याचं. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत आणि उद्या अकराला ग्रामसभा आहे. म्हणून बागेतल्या बाकावर बसून फोनवरच टाईप करतोय. आत्ता तुमच्या नंबरवर पाठवतो, आणि उद्या दहा वाजता छापील प्रत घेऊन कार्यालयाच्या दारात उभा राहतो.

२. २ ते ११ फेब्रुवारी या दहा दिवसांत मी १८४ घरांचे फॉर्म भरले. फॉर्मवर दहा प्रश्न होते. नववा असा: “सदर उद्यानापासून आपणांस कोणता सांस्कृतिक लाभ मिळतो?” पर्याय: (अ) कार्यक्रम, (ब) स्मारक दर्शन, (क) वाचन, (ड) काही नाही. १८४ पैकी १७१ फॉर्मवर ‘ड’ आहे. त्यावरून अहवालात वाक्य आलं की उद्यानाचं सांस्कृतिक मूल्य नगण्य आहे. आणि त्या वाक्यावरून उद्याच्या सभेपुढे विषय आला की बाग सपाट करून पर्यटकांच्या गाड्यांना पार्किंग करावं, खाडीच्या बाजूला भिंत घालून तिकिटाची खोली बांधावी, आणि कोपऱ्यातला खुरीस (क्रूस) “सोयीच्या ठिकाणी” हलवावा.

३. ते १७१ ‘ड’ माझ्या हातचे आहेत. ते बरोबर नाहीत.

४. का बरोबर नाहीत ते सांगतो. तुम्ही बदलीवर येऊन आठ महिने झालेत, तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. मला होतं. बागेत उंडीच्या झाडाखाली एक शेंदूर नसलेला धोंडा आहे. तो राखणदाराचा, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचा. बाग पंचायतीने वीस वर्षांपूर्वी केली, जागा त्याची त्याआधीपासून. आमच्याकडे राखणदाराच्या जागेत बसायला हरकत नाही, खेळायला नाही, रडायलाही नाही. पण ‘मला इथून अमुक मिळतं’ असं तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं की ते जातं, असं मानतात. खरं-खोटं मी सांगत नाही, लोक काय मानतात ते सांगतोय. त्यात मी गळ्यात ओळखपत्र घालून, कार्यालयात बोलतात तशा भाषेत ‘लाभ’ विचारत फिरलो. मग ते काय सांगणार?

शेवंतीकाकी सुकी मासळी विकते, तिचा मुलगा होडीवर असतो. रोज चार वाजता होड्या आत यायच्या वेळेला ती बागेत येऊन बसते. मी तिला तिथेच बाकावर विचारलं. ती म्हणाली, “लाभ? माका कसलो लाभ, बाबा? काय नाय. लिही काय नाय म्हणान.” आणि उठून धोंड्याला हात लावून गेली. मी ‘ड’ वर टिक केली. दुसऱ्या एकाला म्हटलं, जत्रेला दशावताराचं नाटक याच बागेत होतं ना, मग ‘कार्यक्रम’ लिहू? तो म्हणाला, “तो देवाचो. आमचो न्हय.” तिथेही ‘ड’. त्या वेळी मला वाटलं, चला, लवकर आटपलं.

५. बुधवारी अहवाल फलकावर लागला, सोबत घरवार उत्तरांची यादी. संध्याकाळी माझा मित्र लिनो घरी आला. लिनो फर्नांडिस, बंदरावर पर्यटकांची होडी चालवतो. मॅडम, पार्किंग झालं तर त्याचा फायदाच आहे. मे महिन्यात गाड्या चर्चच्या गेटपर्यंत उभ्या असतात, जागा पाहिजे हे मीही नाकारत नाही. पण तो आत न येता पायरीवरूनच बोलला, “गिरायका वाढतली, ता माका म्हायत आसा. पण मांयच्या नावापुढे ‘काही नाही’? सुदेशा, तू आमच्या घरात जेवलेलो मनीस.”

त्याची आई लूर्डस. बागेच्या कोपऱ्यातला जो खुरीस हलवायचाय, तो तिचा आहे म्हटलं तरी चालेल. लिनोचे वडील नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. काही सापडलं नाही, त्यामुळे सिमेतरीत त्यांची कबर नाही. खुरीस आधीपासून होता, मे महिन्यात तिथे सगळे जमून लादीन, म्हणजे प्रार्थना, म्हणतात. पण तेव्हापासून आंटी रोज तिथे मेणबत्ती लावते आणि खाडीच्या तोंडाकडे बघत बसते. गावात दुसरी कुठली जागा नाही जिथून खाडीचं तोंड सरळ दिसतं. भिंत झाली की बागेतूनही दिसणार नाही. अहवालात हे कुठे येणार? रकानाच नव्हता, आणि होता त्यात मी ‘काही नाही’ लिहिलं.

६. गुरुवार-शुक्रवार मी परत फिरलो. ओळखपत्र घरी ठेवलं. प्रश्न बदलला आणि मालवणीत विचारला: “उद्या ही बाग नसली, तर तुमी चार वाजता खंय जातलास?”

महोदया, तोच गाव, तीच माणसं, पण एका माणसाला दोन-दोन तास लागले. शेवंतीकाकी म्हणाली, “खंय जातलंय? घराकडसून खाडी दिसता काय? झिलाची होडी आत येयसर माझो जीव हयच असता.” एका आजोबांनी सांगितलं की सुनेशी भांडण झालं की ते बागेत येतात, आणि सुनेलाही ते माहीत आहे, म्हणून ती चहा इथेच पाठवते. तीन मुलींनी सांगितलं की गावात पोरींनी नुसतं बसून हसावं अशी जागा हीच, बाकी सगळीकडे कोणीतरी विचारतं कशाला बसलात. नवी होडी पाण्यात घालायच्या आधी तिची दोरी उंडीला एकदा गुंडाळून सोडतात, हे मलाही माहीत नव्हतं. लूर्डस आंटी एवढंच म्हणाली, “तो थंय आसा म्हणान मी बसतंय रे पुता. तेचो फायदो कसलो सांगतलंय?”

७. हे सगळं वहीत लिहून शुक्रवारी दुपारी कार्यालयात आणलं. लेखनिकांनी सांगितलं की वही चालत नाही, सही किंवा अंगठ्यासह प्रपत्र पाहिजे. शिवाय पहिले फॉर्म चुकीचे म्हणत असशील तर प्रत्येकावर ‘माहिती प्रत्यक्ष विचारून भरली’ म्हणून तुझी सही आहे, कारवाई तुझ्यावर होईल आणि संगणक चालकाच्या जागेसाठी तुझं नाव गेलंय तेही मागे घ्यावं लागेल. त्यांची चूक नाही, नियमानेच बोलले. शिपाई लवूदादा मात्र हसत म्हणाले, “अरे सुदेशा, राखणदाराचो आधार नंबर घेवन ये, मगे तेचोय फॉर्म भरूया.” सगळे हसले, मीपण हसलो. बाहेर आल्यावर हसू गेलं, कारण खरा घोळ तोच होता. लोक मला सगळं सांगत होते, पण त्या सांगण्याखाली सही करायला एकही तयार नव्हता. सही म्हणजे तोंडाने म्हणण्यापेक्षा जास्त. काकी तर म्हणाली, “माझ्या झिलाच्या होडयेक काय झाला तर तुझो कागद सोडवूक येतलो काय?” याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवावं.

८. मग दाजींकडे गेलो. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांनी मला अर्धा तास शिव्या घातल्या, त्या इथे देत नाही. नंतर म्हणाले, राखणदाराला विचारल्याशिवाय कागद फिरवलास, आता विचारूया.

काल, शनिवारी सकाळी आठ वाजता, उंडीखाली दाजींनी पान-सुपारी आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी फोनवर रेकॉर्ड केलंय, शब्द असे: “बा राखणदारा, ही तुझी लेकरा आज तुझ्या जाग्याचा नाव कागदार घालतत. ता मागणा म्हणान घेव नको, साक्ष म्हणान घे. बोलण्यात काय उणा-अधिक झाला तर पोटात घाल. हेंच्या घराक, होडयेक धक्को लावू नको.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” लूर्डस आंटी खुरसाजवळ उभी होती. तिने कपाळा-छातीला हात लावला आणि तीही म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

दुपारी बारापर्यंत ६३ सह्या आणि अंगठे झाले. काल बऱ्याच होड्या समुद्रात होत्या, म्हणून एवढेच. पण एक अडचण राहिलीच. ‘लाभ मिळतो’ हे शब्द कोणीही लिहू देईना. अ, ब, क, ड यातलं त्यांचं काहीच नाही. म्हणून मी खाली पेनने पाचवा पर्याय घातलाय: (इ) काय मिळतं ते सांगत नाही, पण ही जागा नसेल तर चालणार नाही. हा पर्याय नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. परंतु ६३ माणसं त्यातच बसतात, आणि छापलेल्या पर्यायांत एकही बसत नाही.

९. तरी विनंती अशी:
(अ) रकाना ९ चे जुने आकडे उद्या सभेत वाचू नयेत. वाचलेच तर ते ज्याने भरले त्याचं म्हणणं लगेच मागोमाग वाचावं.
(ब) पर्याय (इ) मान्य करून उरलेल्या घरांसाठी मला सात दिवस द्यावेत, बिनमानधन. मी नको असेन तर दुसऱ्या कोणाला द्यावं, पण त्याने मालवणीत विचारावं आणि आधी दाजींना भेटावं.
(क) पार्किंगसाठी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागची जागा एकदा मोजून बघावी. मी पावलांनी मोजली, चाळीस गाड्या आरामात राहतात.
(ड) निर्णय होईपर्यंत खुरसाला कोणी हात लावू नये.

सोबत जोडलंय ते इथेच सांगतो: सह्या-अंगठ्यांचे ६३ फॉर्म, माझी वही (पाने ४१), गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग, आणि चार वाजता बाकावरून दिसणाऱ्या खाडीच्या तोंडाचा फोटो. फोटोत काही विशेष नाही, पाणीच आहे. तरी बघावा.

१०. आता जे लिहायचं नव्हतं ते. वर मी असं लिहिलंय की लोकांनी ‘काय नाय’ सांगितलं आणि मी टिक केली. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही. सगळे तेच सांगतात म्हणून शेवटच्या तीन दिवसांत प्रश्न नऊ मी विचारलाच नाही. घरीच बसून ‘ड’ वर आधीच टिक करून ठेवायचो आणि बाकीचे नऊ विचारायचो. असे ५२ फॉर्म आहेत. लूर्डस आंटीचा फॉर्म त्यातला आहे. तिला मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तिने मला सोलकढी दिली, ती प्यायलो, आणि टिक केलेला कागद तिच्यापुढे सहीला धरला. चष्मा नव्हता तिच्याजवळ. “तू भरलंस मां, मगे बरोबर असतला,” म्हणून तिने सही केली.

बुधवारी लिनोने पायरीवरून मला सरळ विचारलं होतं, “मांयक विचारलंस काय?” मी हो म्हटलं.

खोटी माहिती भरल्याबद्दल जी कारवाई असेल ती करावी, जागेच्या यादीतून नावही काढावं, माझी हरकत नाही. फक्त कारवाई माझ्यावर करावी, बागेवर नको.

११. हा अर्ज पाठवण्याआधी आत्ता मी लिनोला वाचून दाखवला. तो होडी धूत होता. दहाव्या मुद्द्यापर्यंत मध्येमध्ये हसत होता, दहाव्याला थांबला. हातातली बादली खाली ठेवली. मग एवढंच म्हणाला, “ह्या मॅडमक लिवन काय होतला? मांय उद्या सभेक येतली. तिच्या तोंडार सांगशीत?”

मी त्याला शब्द दिलाय. उद्या ठराव मांडायच्या आधी मी उभा राहीन. मला बोलायला वेळ दिलात तर माईकवरून, नाही दिलात तर मागच्या रांगेतून ओरडून, पण आंटीच्या समोर आणि तिचं नाव घेऊन सांगेन की ‘काही नाही’ हे तू बोलली नव्हतीस, तुला कोणी विचारलंच नव्हतं.

वरील मजकूर पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहिणारा,

सुदेश वामन तारी
बंदरवाडी, माडवेळ
दि. २२/०२/२०२६