उणे ऐंशीचं दार

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? थेंब मोजून घ्यायच्या पिपेटवर माझा हात आता चांगला बसलाय. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई परवा म्हणाल्या, "हात स्थिर आहे हो तुझा!"

तुम्ही कुलूप दोनदा ओढून बघता, वर कोपऱ्यावरून परत फिरता, म्हणून मी किती हसायचे! इथल्या मोठ्या फ्रीजरचं दारही दोनदा ओढून बघायचं असतं. आत उणे ऐंशी अंशांवर बाईंनी नऊ वर्षं जमवलेले रुग्णांच्या रक्ताचे नमुने आहेत. काल फ्रीजर उघडल्याच्या वहीत शेवटची सही माझी. आज सुट्टी असूनही आले, तर दार बोटभर उघडं आणि आकडा उणे अकरा.

दार लावलं. इथे दुसरं कुणी नाही. उद्यापर्यंत आकडा जागेवर येईल, बिघडलेले नमुने चांगल्यासारखेच दिसतील, कुणाला काही कळणार नाही. बाबा, ओरडा खायची भीती आहेच, पण याची जास्त वाटतेय.

बाईंना फोन लावलाय. वाजतोय. फोन कानाशी धरून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

आईला एवढ्यात काही सांगू नका.

तुम्हाला हसणारी,
धाकटी