वाकड्या नथीचा फोटो

लिहून ठेवणार आनंदीबाई कोम कोंडाजी थोरवे, वय अदमासे सहासष्ट, धंदा शेती, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दाबाखाली नाही, माझ्या राजीखुशीनं सांगून लिहवून घेते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. डोळे शाबूत आहेत. ऐकू मात्र कमी येतं, त्यामुळे लिहिणारे पोपट मास्तर, आमच्या गावचे शाळामास्तर, यांना सगळं दोनदा विचारावं लागतं. मला अक्षर येत नाही. मास्तरांनी माझं बोलणं शुद्ध करावं, पण कमी करू नये, असं त्यांना आधीच बजावलं आहे.

मला पोटी मूल नाही. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. माझं म्हणावं असं माणूस म्हणजे धाकटे दीर सदू भावजी आणि त्यांची बायको इंदूबाई. मी त्यांच्यातच राहते. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, हे अगोदर लिहा.

कलम १. कुंभिवलीचा भाताचा तुकडा माझ्या बापानं मला बक्षीसपत्रानं दिला, तो माझ्यामागं सदू भावजींचा. बांधावरचा आंबा तोडू नये. शेजारी दरवर्षी बांध वीतभर आत सरकवतो. त्याच्याशी मी दोनदा भांडले आहे, तिसऱ्यांदा भावजींनी भांडावं.

कलम २. हातातल्या दोन पाटल्या इंदूबाईला. तांब्याचं घंगाळही तिलाच. ते तिनं बारा वर्षांपूर्वी माहेरी नेलं आणि मला ‘सापडत नाही’ म्हणून सांगितलं. आता ते तिचंच झालं, तेव्हा खुशाल परत आणून वापरावं. जीभ तिखट आहे तिची, पण माझ्या दुखण्यात माझं अंग पुसताना तिनं कधी नाक मुरडलं नाही. जातं, दोन विळे आणि माझं घोंगडं ज्याला लागेल त्यानं घ्यावं.

कलम ३. माजघरातला फोटो.

मास्तर म्हणतात, फोटो ही काही मिळकत नव्हे, त्याला वेगळं कलम कशाला. लिहा मास्तर. मृत्युपत्र मी त्याच्यासाठीच करते आहे. भावजी आज झोडणीला खळ्यावर गेलेत, म्हणून आजचा दिवस धरला. त्यांच्या तोंडावर हे सांगायची माझी छाती नाही. छप्पन वर्षं झाली नाही, ती आता कुठून होणार.

फोटोत खुर्चीवर पागोटं घातलेले माझे सासरे धाकलू थोरवे. मागं उभे माझे मालक. डावीकडं मी, दहा वर्षांची, नवी नवरी. शेजारच्या खुर्चीवर लुगडं नेसलेली, नथ घातलेली बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेलं सहा महिन्यांचं पोर. ते पोर म्हणजे सदू भावजी. ती बाई म्हणजे त्यांची आई, असं घरात सगळे धरून आहेत. भावजी रोज तिच्या पाया पडूनच घराबाहेर पाऊल टाकतात. पितृपक्षात अविधवा नवमीला इंदूबाई काचेवरून तिला कुंकू लावते, मग सवाष्ण जेवायला बसते.

ती बाई त्यांची आई नव्हे. ती ठमी, वरच्या ठाकूरवाडीतली.

सासरे माथेरानला घोड्यांचा चारा पुरवायचे. तिथं साहेबांचे फोटो काढणारा एक पारशी त्यांच्या ओळखीचा झाला, तो एकदा उतरून आमच्या अंगणात आला. पेटी मांडली, काळं फडकं पांघरलं, आणि आमच्या सासूबाई राही आत पळाल्या. ते यंत्र माणसाचं आयुष्य ओढून घेतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. सासऱ्यांनी समजूत घातली, मग शिव्या घातल्या. त्या काही येईनात, ऊन उतरायला लागलं. तेवढ्यात ठमी लाकडाची मोळी घेऊन आली. सासरे म्हणाले, “हिलाच बसवा रं. नुसती खुर्ची रिकामी कशी दिसंल?” सासूबाईंचं लुगडं मीच तिला नेसवलं. तिचं नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून नथ मेणानं चिकटवली. इंदूबाई नेहमी म्हणते, सासूबाईंची नथ वाकडी का. म्हणून वाकडी.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पटकीनं सासूबाई गेल्या. त्यांच्या खुर्चीवर दुसरीला बसवलं हे सासऱ्यांच्या मनाला लागलं, ठमीची गोष्ट काढायची नाही म्हणून त्यांनी घराला ताकीद दिली. भावजींना समज आली तशी त्यांनी ‘आय कुठं हाय’ म्हणून विचारलं, तर सासऱ्यांनी फोटोकडं बोट दाखवलं. पोराचा चेहरा असा फुलला की माझ्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

मास्तर खुणा करतात, हळू सांगा. मी हळूच सांगते आहे.

यंदाच्या नवमीला जना पत्रावळींसाठी पळसाची पानं घेऊन मागल्या दारी आली. जना ही ठमीची लेक. फोटो खाली उतरवून पाटावर ठेवला होता. ती बघतच राहिली, म्हणाली, “ही माजी आय हाय.” भावजी संतापले. थोरव्यांच्या आईला ठाकरीण म्हणतेस, असं बोलले आणि तिची पानं अंगणात भिरकावली. ती गेली, ती परत आली नाही. मी तिथंच बसले होते, मी गप्प राहिले. मग तीच पानं गोळा केली, आणि त्याच पानांवर आम्ही सगळे जेवलो. मला त्या दिवसाची लाज वाटते.

भावजी, आता नीट ऐका. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही अंगावर पीत होता. जना तेव्हा ठमीच्या कडेवर होती. ठमी रोज दुपारी मागल्या दारानं यायची, आधी तुम्हाला पाजायची, मग जनाला. वर्षभर. म्हणून तुमचे नमस्कार वाया गेले असं मनात आणू नका. एकही गेला नाही.

आणि तुमची आईसुद्धा त्या फोटोत आहे. मागचं दार बघा. फटीत चौकटीवर चार बोटं आहेत, करंगळीत चांदीचं वळं. मोह आवरेना, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. मी त्यांच्याकडं मान वळवली, म्हणून माझा चेहरा पुसट आला आणि तुम्ही मला भुताची वहिनी म्हणून चिडवता.

माझ्यामागं हा फोटो जनाला द्यावा, आणि तो भावजींनी स्वतः नेऊन द्यावा. मास्तर म्हणतात, जमिनीला तशी अट घाला, म्हणजे झक मारत जातील. अट घालत नाही. तसा आलेला फोटो जनाच्या दारात नको.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो ऐकला, बरोबर आहे. मुक्काम दहिवली, तारीख १७ नोव्हेंबर १९४६.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आनंदीबाई कोम कोंडाजी थोरवे.

मागाहूनचा मजकूर, लेखकाच्या हातचा: अंगठा उठवला त्या वेळी सदू थोरवे पडवीत उभे असलेले आढळले. विळा विसरला म्हणून ते खळ्यावरून परतले होते. बाईंचा आवाज मोठा असल्याने त्यांनी कलम ३ पहिल्यापासून ऐकले. त्यांनी आत येऊन फोटो उतरवला, उजेडात नेला, “कुठं हाय वैनी?” असे विचारले. बाईंनी दार दाखवले. त्यांनी त्या चार बोटांवर आपले बोट ठेवले व बराच वेळ काढले नाही. नंतर म्हणाले, “तुमी मरंस्तोवर थांबू व्हय? जना बी छप्पनाची हाय.” बाई रडू लागल्या. दुसरी साक्ष माझी घाला, असे सदू यांनी सांगितले. ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे मी सुचवले. त्यावर “फोटोत मला काय मिळत नाय, तेवढ्यापुरती घाला” असे म्हणाले.

साक्षीदार:
१. लडकू महादू भोईर, राहणार दहिवली. सही.
२. सदू धाकलू थोरवे, राहणार दहिवली. सही घेणे राहिले. इसम फोटो घेऊन ठाकूरवाडीस गेला आहे.