जाड पाकिटातल्या पातळ तारा

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलताना तू एकीकडे कुणाची तरी कवळी घासत असतेस आणि मागे ते यंत्र घरघरत असतं. मला जे सांगायचंय ते त्या घरघरीत सांगून व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसले. चहा घे, चष्मा लाव आणि सलग वाच. मधूनच शेवटचं पान काढून बघायची तुझी खोड मला माहीत आहे.

माझं बरं चाललंय. तीन महिने सलग एकाच गादीवर झोपतेय, हे गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. स्वयंपाकघरातला गळका नळ मीच बदलला. समोरच्या शिंपीणबाईंशी ओळख झाली. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की हे घर रिकामंच असतं. मी म्हटलं, जवळजवळ तसंच होतं. परवा त्यांच्या शिलाई यंत्राचा दोरा सारखा तुटत होता, तर मी जाऊन त्याचा ताण सारखा करून आले. त्या विचारायला लागल्या, तुम्ही नक्की करता काय? मी म्हटलं, गिटारी सुराला लावते. "म्हणजे वाजवता?" "नाही हो, वाजवणाऱ्याच्या हातात देते. पंचवीस वर्षं मास्तरांच्या हातात दिल्या." त्यांना काही ते पटलं नाही. एवढ्याशा कामाला अख्खा माणूस लागतो हे कुणालाच पटत नाही.

मास्तर गेल्यापासून जो तो याद्या करत सुटलाय. आजवरचे सर्वांत थोर गिटारवादक, क्रमवारीसकट. एका रविवारच्या पुरवणीत मास्तर चौथे होते आणि तुझा तुफान दुसरा. पहिली ती डावरी, जी उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची आणि ऐन तिशीत गेली. तिसरा तो प्राध्यापक, ज्याच्या वाजवण्यात आजवर कुणाला एक चूक सापडलेली नाही. पुरवणी बघून आधी तूच आठवलीस. समोर असतीस तर माझ्या नाकापुढे नाचवली असतीस.

त्या चौघांनाही मी ऐकलंय. डावरीला एकदाच, सतरा वर्षांची असताना, तेही हॉलच्या बाहेर भिंतीला कान लावून. त्या दिवशी काय ऐकलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, त्यामुळे तिच्या पहिल्या नंबराबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्राध्यापकाचं वाजवणं मला नेहमी धुऊन इस्त्री केलेल्या शर्टासारखं वाटलं. छान, पण घालून कुठे टेकायची सोय नाही. राहिला तुफान. तुला आवडायचा म्हणून मी त्याला कायम नाकं मुरडली, पण आता खरं सांगते. जत्रेत पाळणा वरून खाली येताना पोटात जसा गोळा येतो, तसं त्याच्या वाजवण्याने व्हायचं. मी विंगेत उभी असायचे आणि मलासुद्धा व्हायचं. पण मास्तरांचं वेगळंच होतं. सामानाच्या पेट्या वाहणारी आमची माणसं असतात ना, ती कधी कुणाचं ऐकत नाहीत. रोजचंच ते त्यांना, रंगमंचाकडे पाठ फिरवून पाव खात बसतात. मास्तर त्यांचा तो संथ तुकडा सुरू करायचे, एक सूर लावून मग नुसतेच थांबायचे, तेव्हा ती माणसं चावायची थांबायची. दुसरा सूर येईपर्यंत घास तसाच तोंडात. यादी करणाऱ्यांना हे कुठून दिसणार?

आता त्या भांडणाबद्दल. तुला सत्ताविसावं लागलं होतं, मी चार दिवसांसाठी तुझ्याकडे आले होते. मी दौऱ्यावर असताना तू मावशीच्या घरी राहायचीस, तिथे तुझ्या पलंगावरच्या भिंतीवर तुफानचं जे भलंमोठं पोस्टर होतं, ते तू नव्या घरीही आणून लावलं होतंस. जेवताना तू म्हणालीस, "तुझे मास्तर हल्ली आणखीच हळू वाजवायला लागलेत. येतच नसेल त्यांना आता." मी ताटावरून उठले, भांडी आदळत घासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेले. पाच महिने आपण बोललो नाही. तुला वाटलं, आईला पोटच्या पोरीपेक्षा मास्तर प्यारे. तसं नव्हतं गं. मी घाबरले होते. जे जगात मला एकटीला माहीत होतं, ते तुझ्या कानांनी घरबसल्या पकडलं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. एका दुपारी तालमीत मास्तर तार खेचत होते. तार बोटाने वर रेटली की सूर चढतो, तुला माहीतच आहे, त्यांचं अर्धं वाजवणं त्यातच होतं. तार वर गेली, पण सूर पोचला नाही. त्यांनी पुन्हा रेटली. पुन्हा नाही. मग ते आपल्या बोटांकडे असे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत आणि चुकून त्यांच्या हाताला लागलीत. सांधे सुजलेले मला महिनाभर आधीपासून दिसत होते. गिटारीचा पट्टासुद्धा ते दोन्ही हातांनी अडकवायला लागले होते. पण त्यांना कोण बोलणार? डॉक्टरचं नाव काढलं की खोलीतून उठून जायचे. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्यांच्या हिरव्या गिटारीवरच्या जाड तारा उतरवल्या आणि एका नंबराने पातळ तारा चढवल्या. पातळ तार कमी जोराने खेचली जाते. आवाज बारीक होऊ नये म्हणून अॅम्पवर, म्हणजे आवाजाच्या पेटीवर, खर्ज थोडा वाढवला. आणि पातळ तारा जाड तारांच्या पाकिटात भरून ठेवल्या, कारण ती पाकिटं माझ्या पेटीत त्यांच्या नजरेसमोर असायची. दुसऱ्या दिवशी सूर पोचला. मास्तरांनी नुसती मान हलवली.

असं मी नऊ वर्षं केलं. दर दीड-दोन वर्षांनी आणखी एक नंबर खाली. शेवटी तर इतक्या पातळ तारा होत्या की नवशिक्या पोरांच्या गिटारीलाही कुणी लावत नाही. या नऊ वर्षांत कुणी म्हणालं, मास्तर वयाबरोबर मुरले. कुणी म्हणालं, मास्तर उतरले. मी दोन्हीकडे हसून मान डोलवायचे आणि मन खात असायचं. कोणाला फसवत होते, तेच मला कळत नव्हतं. तू रोज माणसांना असे दात करून देतेस की ते त्यांचेच वाटावेत. त्यात तुला कधी लबाडी वाटते का? हे मला तुला किती वेळा विचारावंसं वाटलं, पण विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या आठवणीसाठी जुन्या नाट्यगृहात कार्यक्रम ठेवला होता. काकींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, हिरवी गिटार रंगमंचावर नुसती ठेवायला सांगितली होती. मी सकाळी त्यांच्या घरी जाऊन ती उघडली. पेटीत खरोखरीच्या जाड तारा घेऊन गेले होते. म्हटलं, या चढवून टाकाव्यात, म्हणजे उद्या कुणी हात लावला तरी मास्तरांची लाज राखली जाईल. तारा कापायची पक्कड लावलीसुद्धा. गिटारीच्या मानेवरच्या तिसऱ्या पट्टीपाशी तारांवर काळे डाग पडले होते. त्यांच्या बोटांच्या घामाचे. ठमे, माझ्याच्याने ती तार कापवेना. पुसून गिटार तशीच नेली.

चार जणांनी आपापल्या गिटारीवर वाजवलं. मग तुफानचं नाव पुकारलं. तू त्याला ओळखलं नसतंस. ते चकचकीत जाकीट नाही, केस गेलेले, गळ्यात वाचायचा चष्मा लोंबतोय. हातात गिटार नव्हती. रंगमंचावरच्या हिरव्या गिटारीकडे बोट करून म्हणाला, "मला यांचीच द्या." काकींनी पहिल्या रांगेतून मान हलवली. आता ती त्याच्या हातात देणारी मीच, दुसरं कोण? दिली. त्याने पहिलाच सूर आपल्या सवयीने दणकून खेचला आणि तार केवढी तरी वर गेली. शेपटीवर पाय पडल्यावर मांजर ओरडतं ना, तसा आवाज निघाला. लोक हसले, मग हसावं की नाही म्हणून गप्प झाले. तुफानने तारेवरून अंगठा फिरवला. मग विंगेत माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मला वाटलं, संपलं. उद्याच्या पेपरात येणार.

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माइकपाशी जाऊन म्हणाला, "पन्नास वर्षं मी समजत होतो की हा माणूस माझ्यापेक्षा हळू वाजवतो. तो हळू नव्हता. तो हलका होता. या तारांवर जरा जोर केला की सूर ओरडतो, तुम्ही आत्ता ऐकलंतच. असा हात माझ्याकडे नाही, पण बघतो." आणि त्याने मास्तरांचा तो संथ तुकडा वाजवला. तुझ्या तुफानने. एकेक सूर जपून, काचेचं भांडं दोन्ही हातांनी उचलावं तसा. दोनदा चुकला, तरी थांबला नाही. मी विंगेत पडद्याला धरून मनसोक्त रडले. त्याने माझं गुपित झाकण्यासाठी काही बनवून सांगितलं नव्हतं, ते खरंच होतं. तारा मी बदलल्या, पण त्या पातळ तारांवर न ओरडता वाजवायचं शिकले ते मास्तर, तेही साठी उलटल्यावर, दुखऱ्या बोटांनी. नऊ वर्षं मी माझ्या लबाडीकडेच बघत बसले, त्यांच्या रियाजाकडे माझं लक्षच गेलं नाही.

कार्यक्रमानंतर नाट्यगृहाच्या उपाहारगृहात मी काकींना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे कॉफी ढवळत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. घरी येऊन म्हणाले, हिला वाटतं माझ्या अंगठ्याला तारेची जाडी कळत नाही. मी म्हटलं, मग विचारा तिला. तर म्हणाले, नको, विचारलं तर ती दर वेळी परवानगी मागत बसेल आणि मला दर वेळी हो म्हणावं लागेल." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. काकींनी आणखी एक सांगितलं. तुफान आणि मास्तर, ज्यांच्यावरून आपण मायलेकी भांडलो, ते दोघे दर रविवारी एकमेकांना फोन करायचे. बोलायचे काय, तर गुडघे आणि पथ्यपाणी.

तर आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या संध्याकाळी निघताना तुफान माझ्यापाशी आला आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. त्याचेही सांधे सुजायला लागलेत. म्हणाला, "शेवटचा दौरा करायचाय, अकरा महिन्यांचा. येशील माझ्याबरोबर? तारा बदलताना मला विचारायचं मात्र काही नाही." मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते. तो हसला, केवढी आहे मुलगी? म्हटलं, चौतीस. मग हसायचा थांबला. तू नऊ वर्षांची असताना मी मास्तरांबरोबर पहिल्यांदा निघाले, तेव्हा तुला दारात सांगितलं होतं, बॅग हातात घेऊन, खाली गाडी उभी असताना. त्यानंतर दर वेळी तसंच. कधी मावशीला विचारलं, कधी कॅलेंडरला, तुला कधीच नाही. मला वाटायचं, विचारलं तर तू नको म्हणशील आणि मग माझा पाय निघणार नाही. हे असं घरी राहणं मला आवडायला लागलंय, खोटं नाही सांगत. ते कामही मला आवडतं. तू नको म्हणालीस तर शिंपीणबाईंकडे बाह्या शिवायला शिकेन आणि महिन्यातून एकदा तुझ्याकडे येऊन तुझं डोकं खाईन, त्यात मला काडीचंही दुःख होणार नाही. जा म्हणालीस तर निघण्याआधी पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येईन. बॅग अजून माळ्यावरच आहे, मी तिला हात लावलेला नाही. तू सांग, मी जाऊ का?

उत्तराची वाट बघणारी, तुझीच
आई