कूलर हा उन्हाळ्याचा विषय

१५ डिसेंबर २००२, रविवार
नानाजी आले. नानाजींचा, म्हणजे वडिलांचा, हिवाळा दरवर्षी देवळीला, अंकुशकडे जातो. धाकटा भाऊ म्हणून त्याचं फार कौतुक. यंदा मीच हट्टानं आणलं, होळीपर्यंत. अंकुश म्हणाला, जमन काय दादा? न जमायला काय झालं? वीस वर्षं नववीला उष्णता शिकवतोय.
संकल्प: या हिवाळ्यात हीटर नाही. घर सायन्सवर गरम राहील.
प्रमिला म्हणाली, आधी नानाजींच्या खिडकीतला कूलर काढा. तिला सांगितलं, कूलर हा उन्हाळ्याचा विषय आहे. हिवाळ्याच्या चर्चेत आणू नये.

१८ डिसेंबर
शाळेच्या लॅबमधून थर्मामीटर आणलं. अंगण १३, नानाजींची खोली १४. पूर्ण एक डिग्री कमावली. सुरुवात झकास.

२२ डिसेंबर, रविवार
छताला थर्मोकोल. दाराच्या फटीत पेपर. तरी वारा येतोच. कुठून, कळत नाही. नानाजी म्हणाले, खिडकीतून येऊन राह्यला. वयामुळे दिशेचा अंदाज चुकतो माणसाचा.

२९ डिसेंबर
घात होता होता टळला. मी भाजी आणायला गेलो, तर मायलेकी कूलर ओढत होत्या. अंकिताला समजावलं. लोखंडी स्टँड, खाली चार विटा, लेव्हल जमवायला मला दोन दिवस लागले होते. आता काढा, मार्चमध्ये परत लावा. माणसाची एनर्जी ही एनर्जी नाही का? अंकिता म्हणाली, बाबा, तुम्हाले आळस येऊन राह्यला. बारावीला गेली की पोरं असंच बोलतात.
तडजोड म्हणून कूलरवर चादर टाकली. चादर रात्रभर फुगते. व्हेंटिलेशन उत्तम.

५ जानेवारी २००३
सकाळी अंगण १०, खोली ९. थर्मामीटर बिघडलेलं निघालं. शाळेच्या वस्तू अशाच.
नानाजी कानटोपी, दोन स्वेटर घालून, तीन गोधड्या पांघरून बसलेले. विचारलं, मले काऊन आणलं रे इथं? गंमत करतात.

९ जानेवारी
नानाजींना खोकला. हीटर लावला. फक्त एक तास.

१० जानेवारी
हीटर काल बंद करायचा राहिला.

१४ जानेवारी, संक्रांत
अंकुश तिळगूळ घेऊन आला. खोलीत शिरला, कूलरसमोर हात धरला. म्हणाला, दादा, कूलर तर सुरूच हाये न! प्रमिला इतकी हसली की तिळाचा लाडू हातातून पडला. यात हसण्यासारखं काय होतं?
नानाजींची पिशवी भरलेलीच होती. म्हणे, तिकडे संध्याकाळी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून शेक असते. राग नको मानू बा. बसमध्ये मीच बसवून दिलं. फार वाईट वाटलं. होळीपर्यंत म्हटलं होतं मी.

१६ जानेवारी
कूलर काढला. कूलरवाला नत्थू आणि मी, पंधरा मिनिटं. खिडकी घट्ट लावली. संध्याकाळी खोली १९! हीटर बंद! प्रयोग शंभर टक्के यशस्वी. देवळीला फोन करून नानाजींना आकडा सांगितला. म्हणाले, बरं झालं. आता उन्हाळ्यातच येतो.
नानाजींच्या खाटेवर प्रमिलानं तूर निवडायला पसरली आहे.

३० मार्च, रविवार
नानाजी आले. घामानं चिंब. खोली ३८. कूलर मागच्या टिनाच्या शेडमध्ये. स्टँडचे नटबोल्ट सापडत नाहीत. नत्थूला सीझन, आठ दिवस वेळ नाही. प्रमिला म्हणाली, महिन्यापासून सांगून राहिले.
नानाजींना शांतपणे समजावलं. घर थंड ठेवायला वीज लागतच नाही. छताला थर्मोकोल आहेच, दाराच्या फटीत पेपर आहेत, शिवाय खिडकी घट्ट बंद. मागे होळीपर्यंत म्हटलं होतं, आता फक्त दिवाळीपर्यंत राहा, सायन्स काय असते ते दाखवतो.
नानाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग प्रमिलाला विचारलं, सूनबाई, देवळीची बस कितीले हाये?